अत्तर मारलेली विलायती जीप

नव्वदीच्या दशकात मी बनारसच्या एका तंत्रशाळेत मोटारींची इंजिनं शिकवायचो. त्यामुळे ब्रह्माघाटावरच्या आमच्या मराठी घरांत कुणालाही जुनी स्कूटर घ्यायची झाली की मला बोलावणं यायचं. एकदा माझे चुलतभाऊ, दादा, म्हणाले, "चल, एक विलायती जीप बघायची आहे."

मला नवल वाटलं. दादा यात्रेकरूंची श्राद्धं करायचे. आमच्या गल्लीतून सायकलसुद्धा हातात धरून न्यावी लागे.

गाडी शिवपूरला एका ठेकेदाराच्या अंगणात उभी होती. उंच, काळीभोर, आत चामड्याच्या सीटा, एसी. दार उघडलं आणि खसच्या अत्तराचा भपकारा आला. मला तिथेच शंका आली. मी सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. वरचा हातभर स्वच्छ, आतला सगळा गंगेच्या पुराच्या गाळानं ताठ झालेला. पायाखालचा गालिचा उचलला तर खालचं तागाचं अस्तर कुजलेलं, त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

"बाढ़ में डूबी थी?" मी विचारलं.

"बस, ज़रा पानी छू गया था," ठेकेदार हसला आणि लस्सीचा मातीचा कुल्हड पुढे केला. मी घेतला नाही.

दादांना बाजूला घेऊन मी मराठीत म्हणालो, "हिला हात लावू नका. वायरिंग सडलंय, ब्रेकच्या नळ्या गंजल्यात."

"मला कुठे घ्यायचीय?" दादा शांतपणे म्हणाले. "नागपूरच्या यजमानांना हवी आहे. माझा भाऊ तपासेल, असं सांगितलंय त्यांना. तू फक्त ठीक आहे म्हण. ठेकेदार आपल्याला विसरणार नाही."

त्या यजमानांना मी ओळखत होतो. आईच्या अस्थी घेऊन आले तेव्हा ते आमच्याकडे हमसून रडले होते आणि दादांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला होता. तो हात आठवला आणि अळ्या पाहून आली नव्हती एवढी किळस आली.

"मी म्हणणार नाही," एवढं बोलून मी एकटाच रिक्षानं परतलो. पण यजमानांना कळवायला दोन दिवस लावले. दादा वडीलधारे, एकाच गल्लीत राहायचं, तंटा कशाला. तिसऱ्या दिवशी एसटीडी बूथवरून फोन लावला.

"अहो, आमचा ड्रायव्हर कालच गाडी घेऊन निघालाय!" ते खुशीत म्हणाले. "तुम्ही पाहिलीत म्हटल्यावर मी डोळे झाकून हो म्हटलं."

मी सगळं सांगितलं.

"ड्रायव्हरला तीन मुलं आहेत हो," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

नागपूरच्या वाटेवर, रीवाच्या अलीकडे गाडीतून धूर निघाला आणि ती बंद पडली. ड्रायव्हर वाचला. यजमान पुन्हा आमच्या घाटावर आले नाहीत.

दादांची किळस आली, हे मी पुढे कित्येकांना बोलून दाखवलं. त्या दोन दिवसांबद्दल मात्र कुणाशी बोललो नाही.