गंजीवर आधी कोण चढणार?

उन्हाळ्यात ओट्यावर चार माणसं बसली, की आमच्या समुद्रपूरच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याचे किस्से निघतातच. एक संपला की दुसरा. ऐकणारे हसतात. माझं मात्र डोकं तापतं, तरी सांगतो!

मी तिथे काट्यावर होतो, म्हणजे कापूस तोलायला. रोज आभाळ पाहून दोन ओळी लिहायची सवय. त्यातून एवढं कळलं, की फाल्गुन-चैत्रात सकाळपासून कोंदट उकाडा असेल, वारा पडलेला असेल आणि दुपारी फुलकोबीसारखा ढग उभा चढत जाऊन त्याचा माथा ऐरणीसारखा पसरला, तर तिसऱ्या प्रहरी वादळ येणार. आधी थंड झोत, मग वीज, कधी गारा. म्हणून उघड्यावरच्या कापसाच्या गंजीवर ताडपत्री टाकायची, ती दुपारच्या आत!

कारखान्याच्या मालकांना, शेटजींना हे सांगितलं. त्यांनी पंचांग उघडलं.

"मृग लागाले अजून टाइम आहे, काटेवाले. पाऊस काऊन येईन?"

त्याच दुपारी आला. भिजलेल्या गंजीकडे पाहून शेटजी म्हणाले, "हा काही खरा पाऊस नाई!"

*

गारा पडू लागल्या की अंगणात लोखंड फेकायचं, म्हणजे त्या थांबतात, अशी आमच्याकडे समजूत. दिवाणजींनी फाटकावरच्या गणपतच्या हाती कुऱ्हाड देऊन त्याला भर गारांत पिटाळलं. तो कपाळावर टेंगूळ घेऊन परतला. जरा वेळाने गारा थांबल्या. थांबणारच! त्या कुठे फार वेळ पडतात?

"पाह्यलं? कुऱ्हाडीनं काम केलं!" दिवाणजी खूश.

"मंग पुढच्या बारीले तुम्हीच फेकजा!" गणपत टेंगूळ चोळत म्हणाला.

*

आभाळ गडगडलं की बैलबंडीवाले शेतकरी आवारातल्या उंच चिंचेखाली गोळा व्हायचे. "झाडाखाली थांबू नका" म्हणून ओरडून माझा घसा बसायचा. उत्तर ठरलेलं, "मंग भिजू का?"

एकदा चिंचेवर वीज पडलीच. माणसं वाचली, पण एकाचा बैल गेला. तो बिचारा बैलाच्या गळ्याला मिठी मारून रडत होता. शेटजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बैल तुहा गेला, झाड माह्यं गेलं. हिसाब बराबर!"

*

पुढचा किस्सा हसण्यासारखा नाही.

त्या दिवशीही ताडपत्री उशिराच निघाली. गडगडाट सुरू झाल्यावर शेटजी ओरडले, "बायांनो, चढा वर!" गंजी म्हणजे आवारातली सगळ्यात उंच जागा. कामावरच्या बायांपैकी भागी वर होती. वीज पडली. भागी जिवंत खाली आली नाही.

शेटजी तिच्या भावजयीला, तिथेच कामाला असलेल्या सखुबाईला म्हणाले, "देवाची करनी, बाई. आपन काय करनार?"

सखुबाईचं घर आदल्याच वर्षी दीक्षा घेऊन बौद्ध झालेलं. ती म्हणाली, "देव तर आम्ही सोडला, शेटजी. आता कोनाचं नाव घेऊ?"

शेटजी आत निघून गेले. "चढा वर" असं देव म्हणाला नव्हता. मी तिथेच होतो, मी ऐकलंय कोण म्हणालं ते!

*

पुढच्या हंगामात पुन्हा तशीच कोंदट सकाळ. मी शेटजींना लवकरच गाठलं. म्हणाले, "ऊन आहे तवर वाळू द्या ना कापूस!" दुपारी ढगाचा माथा पसरला, पहिला गडगडाट झाला आणि पुन्हा तेच, "बायांनो, चढा वर!"

शिडी गंजीला लावलेलीच होती. एकही बाई हलली नाही.

सखुबाई ताडपत्रीचं टोक हातात घेऊन पुढे आली.

"एक कोना तुम्ही धरा, शेटजी, एक मी धरतो. पन पयले तुम्ही चढा. कापूस तुमचाच हाय ना!"

सगळं आवार बघत होतं. शेटजींनी धोतर खोचलं. एक पाय शिडीवर ठेवला. वर कडाडलं!

पाय खाली आला. शेटजींनी घसा साफ केला.

"दिवाणजी, जरा पंचांग पाहा बरं... आज चढाले दिवस कसा आहे?"