राहिलेलं रडं

मिराबाईचा फोन दुसऱ्यांदा वाजलेला तांड्यात कुणी ऐकलेला नाही. पहिली घंटी पुरी व्हायच्या आत तो तिच्या कानाला लागलेला असतो, मग हात शेणात असोत नाहीतर पिठात. चुकून लागलेल्या नंबरवाल्याला ती आधी गाव विचारते, मग पाऊसपाणी विचारते. कंपनीची टेप लागली तरी त्या टेपमधल्या बाईला दोनदा ‘हां, बोल’ म्हणून बघते. पोरं हसतात, सून निता वैतागते, नवरा फुलसिंग म्हणतो की हिला फोनवाल्यांनी नोकरीच द्यावी. मिराबाई कुणाचंच मनावर घेत नाही. ही सवय तिला कुठून लागली ते घरातल्या माणसांनाही धड माहीत नाही. ते माहीत आहे तिला आणि तिच्या थोरल्या बहिणीला.

सेनगावच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून आत, माळावर त्यांचा तांडा. आजोबा बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूखभर फिरले, नातवंडं आता सोयाबीन आणि तूर घेतात. घरात बोलणं गोरमाटी, बंजाऱ्यांची बोली. पण ऐकणाऱ्यांची अडचण नको म्हणून त्यांचं बोलणं इथं मराठीतच सांगायचं. मिराबाई तशी धीट बाई. विंचू दिसला तर चिमट्यात धरून बाहेर नेऊन टाकणार, आणि त्याबद्दल कुणाला सांगणारही नाही. पण कोरोनाची दुसरी लाट आली आणि ह्या धीट बाईचं पाणी पाणी झालं. विंचू निदान दिसतो तरी, असं तिचं म्हणणं होतं.

होळी नुकतीच होऊन गेली होती. हरभरा निघत होता, कुटाराची, म्हणजे त्याच्या भुशाची, धूळ अंगणभर उडत होती. त्या धुळीत मिराबाईला सकाळपासून शिंका येत होत्या, नाक गळत होतं. आणि दुपारी निरोप आला की नरसी नामदेवकडच्या तांड्यावरचे हरिचंद गेले. हरिचंद म्हणजे मिराबाईचे दाजी, थोरल्या बहिणीचा, जिवनबाईचा नवरा. निरोप आणणारा म्हणाला, झटका आला, बसल्या जागी गेले.

मिराबाईनं ओढणी सारखी केली आणि मुलगा सुदाम याला मोटरसायकल काढायला सांगितलं. निता दारात आडवी आली.

“आत्याबाई, तुमचं नाक गळून राहिलं सकाळपासून. नका जाऊ. तिथं मावशीला दम्याची तकलीफ हाय.”

“कुटाराची धूळ हाय ती,” मिराबाई म्हणाली.

“असंल बी. पण दवाखान्याच्या आशाताई काय सांगून गेल्या? सर्दी असली तरी घरातच बसा.”

“माझ्या बाईचा नवरा गेला. मी घरी बसू काय नाकाला पदर लावून?”

थोरल्या बहिणीला ती बाई म्हणायची. आई लवकर गेलेली, मिराबाईची वेणीफणी बाईनंच केलेली. न जाणं तिला सुचणंच शक्य नव्हतं. पण जाताना तिनं एक गोष्ट केली, आणि ती तिला पुढं फार छळणार होती. रस्त्यात सुदाम म्हणाला की मास्क लावून लांबूनच भेट, तर ती हो म्हणाली. हो म्हणतानाच तिला माहीत होतं की आपण खोटं बोलतोय.

कारण तांड्यातलं भेटणं लांबून होत नाही. दोन बाया बऱ्याच दिवसांनी भेटल्या, आणि त्यातून घरात मयत झालेलं असलं, की एकमेकींच्या गळ्यात हात घालून, गालाला गाल लावून बसायचं. ओढणी दोघींच्या डोक्यावरून घ्यायची आणि सूर धरून रडायचं. त्या रडण्यात गेलेल्याचं सगळं येतं, तो कसा चालायचा, काय खायचा, कुणाला काय बोलून गेला. एक थांबली की दुसरीनं उचलायचं. असं रडल्याशिवाय भेट झाली असं कुणी मानत नाही.

जिवनबाई भिंतीला टेकून बसली होती. मिराबाईला बघताच तिनं हात पसरले. मिराबाईनं मास्क ओढून गळ्यात घेतला आणि तिच्या कुशीत शिरली. किती वेळ रडल्या कोण जाणे. रडताना नाक वाहतंच, शेंबूड ओढणीला पुसावाच लागतो, श्वास घोगरा होतोच. मिराबाईला सर्दी आहे हे तिथं कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. तिला स्वतःला मात्र मधेच एकदा लख्ख कळलं की आपण शिंक दाबतोय, आणि ती दाबलेली शिंक बहिणीच्या मानेवरच गेली.

दुसऱ्या दिवशी घसा खवखवायला लागला. धुळीचा आता काही संबंध राहिला नाही, असं तिचं तिनंच ठरवून टाकलं. संध्याकाळी कळलं की सेनगावात एकाच घरातली माणसं दवाखान्यात नेली. मिराबाईनं आपली बाज उचलली आणि गोठ्याशेजारच्या खोपीत नेऊन टाकली. कुणी जवळ यायचं नाही, ताट उंबऱ्यावर ठेवायचं.

मग सुरू झाली तपासणी. वास जातो असं ऐकलेलं, म्हणून ती दिसेल त्याचा वास घ्यायला लागली. हिंगाची डबी हुंगली. रॉकेलचा डबा हुंगला. फुलसिंगचं पागोटं हुंगून तिनं तोंड वाकडं केलं आणि तेवढ्यापुरता तिला धीर आला. म्हशीला वाटलं असेल की मालकिणीला हे काय झालं, कारण मालकीण तिच्या पाठीलाही नाक लावून उभी राहायची. फुलसिंग लांबून म्हणाला, “वास येऊन राहिला ना? मग झालं तर.” ती म्हणाली, “आज येऊन राहिला. उद्याचं काय?” तिच्याकडं ताप बघायला काही नव्हतं, म्हणून ती उलटा हात कपाळाला लावायची, आणि हातही आपलाच, कपाळही आपलंच, तेव्हा दोन्ही तापलेलेच वाटायचे.

पण खरं सांगायचं तर मिराबाई स्वतःच्या मरणाला भीत नव्हती. डोळे मिटले की तिला बहिणीची मान दिसायची. पांढऱ्या केसांखालची, घामेजलेली, आणि तिच्यावर आपली शिंक. दमेकरी बाई. नवरा कालपरवा गेलेला. तिला आपण काय देऊन आलो? निता दारात आडवी आली होती, सुदामनं सांगितलं होतं, आपण हो म्हणालो होतो. न कळता झालेली चूक माणूस सांगू शकतो. ही कळून केलेली होती.

आणि तेवढ्यात फोन वाजला. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून सुदामनं बाईच्या नावापुढं चांदणी काढून दिली होती. फोन बाजेवर थरथरत होता आणि चांदणी चमकत होती. मिराबाई बघत राहिली. उचलला तर पलीकडून खोकल्याचा आवाज येईल. नाहीतर प्रेमदास, बहिणीचा पोरगा, बोलेल आणि म्हणेल, मावशी, आईला नेलंय. फोन वाजून वाजून थांबला. थांबल्यावर तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चांदणी. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज एकदा तरी वाजायचा, कधी दोनदा. मिराबाईनं फोन कुटाराच्या पोत्यात खुपसून ठेवला, तरी आतून तो वाजलेला ऐकू यायचा. एकदा तिनं फार धीर केला. सांगूनच टाकायचं, बाई, मी सर्दी घेऊन आले होते, तू तपासून घे. तिनं चांदणीचं बटण दाबलं. घंटी वाजायच्या आधी त्या टेपमधल्या बाईनं सुरुवात केली, अंतर ठेवा, लक्षणं लपवू नका. मिराबाईला ते तिलाच बोलल्यासारखं वाटलं. तिनं फोन बंद केला. सरकारलाही कळलं, असं तिच्या मनात आलं, आणि ह्या विचारावर हसायलासुद्धा तिच्यात त्राण नव्हतं.

निता ताट ठेवताना विचारायची, “मावशीला फोन केला का?” मिराबाई म्हणायची, “केला.” हे दुसरं खोटं.

दाजींचं दिवसकार्य आलं. सुदाम एकटाच गेला. परत आल्यावर खोपीच्या दारात येऊन तो काहीतरी बोलणार होता, पण मिराबाईनंच आतून विचारलं, “बाई कशी हाय?”

“बसून हाय. कुणाशी बोलत न्हाई. तुझंच विचारून राहिली. आई काहून आली न्हाई म्हणे.”

“खोकते का?”

“नेहमीसारखी.”

नेहमीसारखी म्हणजे दम्याची की आणखी कशाची, ह्यावर मिराबाईनं पुढचा सगळा दिवस घालवला.

शेवटी नितानंच तिला ओढून नेलं. पलीकडच्या गावात शाळेत तपासणी लागली होती. मिराबाईनं नाकात काडी घालून घेतली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिथल्या पोरीनं थोड्या वेळात सांगितलं की काही नाही, साधी सर्दी आहे, तीही गेलेली आहे. निता हसली. मिराबाई मात्र तिथं शाळेच्या पायरीवर बसून रडली. मग उठून म्हणाली, “सुदामला सांग गाडी काढायला. बाईकडं जायचंय.”

वाटेत तिला फार हलकं वाटत होतं. माझ्यात नव्हतंच, मग बाईला कुठून देणार? सगळी भीती फुकटच, असं ती स्वतःशी म्हणत होती. न उचललेले फोन ह्या हिशेबात तिला आठवलेच नाहीत.

जिवनबाई लिंबाखाली एकटी बसली होती. मिराबाई लगबगीनं पुढं झाली, तशी तिनं हात पुढं करून अडवलं.

“तिथंच थांब.”

मिराबाई थांबली. बहिणीनं तिला असं कधी अडवलं नव्हतं.

“खोकला हाय का तुला? ताप?”

“न्हाई, बाई. आत्ताच तपासून आले. काही निघालं न्हाई.”

जिवनबाईनं डोळे मिटले. मग बोलली ते इतकं हळू की मिराबाईला पुढं वाकून ऐकावं लागलं.

“तुझ्या दाजीला झटका बिटका काही आला न्हाई. ताप होता. अंग भाजून निघायचं. प्रेमदास म्हणाला ऊन लागलं. गेल्यावर आमी कुणाला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर खांदा द्यायला कोण आलं असतं? पलीकडच्या तांड्यात म्हातारं गेलं, तर घरच्या दोघांनीच नेलं. माझ्या माणसाला मला तसं जाऊ द्यायचं न्हवतं.”

ती दम घ्यायला थांबली.

“तू आलीस अन् गळ्यात पडलीस. मला तुला लांब ठेवायचं होतं, पण माझे हात उठलेच. तुझं नाक वाहून राहिलं, श्वास घरघरून राहिला. त्या वक्ताला वाटलं रडं हाय. तू गेल्यावर मनात आलं, हिला माझ्याकडून लागलं. मी रोज फोन केला तुला. तपासून घे म्हणून सांगायला.”

मिराबाईच्या पुढ्यात तेव्हा एक वाट मोकळी होती. गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. आता दोष बाईचा होता. ताप लपवून गळ्यात घेणारी ती, आणि आपण बिचाऱ्या. क्षणभर मिराबाईला ते गोड वाटलं. सगळं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर गेलं की कुणाला गोड वाटत नाही? पण ज्या हातांनी वेणी घातली ते हात मांडीवर ओढणीचा काठ चुरगाळत होते, आणि तिच्यानं ते बघवेना.

“बाई, ते माझं नाक आधीपासूनच वाहून राहिलं होतं. सकाळपासून. निता नको म्हणाली होती. मी सर्दी लपवून आले. तुझ्या मानेवर शिंकले. म्हणून तोंड दाखवलं न्हाई.”

जिवनबाईनं तिच्याकडं पाहिलं. मिराबाईला वाटलं आता ती चिडेल, नाहीतर हसेल. दोन्हीची तिची तयारी होती.

“सर्दीचं काय घेऊन बसलीस,” जिवनबाई म्हणाली. “फोन काहून उचलला न्हाईस?”

मिराबाईनं तोंड उघडायच्या आत तीच पुढं बोलली.

“मला वाटायचं तू गेलीस, अन् हे लोक माझ्यापासून लपवून राहिले. सुदाम आला, म्हणाला आई बरी हाय. मला वाटलं, आमीबी असंच सांगितलं होतं सगळ्यांना. तुझ्या दाजीसाठी रडायला बसले की तूच डोळ्यांपुढं यायचीस. बाया यायच्या, गळ्यात पडायच्या, सूर धरायच्या. त्यांना वाटायचं मी त्याला रडून राहिले. मी तुला रडायचे. त्याचं रडं राहूनच गेलं, मिरा.”

मिराबाई तिथंच मातीत बसली. दोघींत बाज मावेल एवढं अंतर होतं आणि ते ओलांडायला त्या दिवशी कुणीच धजलं नाही. जिवनबाईनं आपली ओढणी आपल्या डोक्यावरून पुढं ओढली. मिराबाईनं आपली ओढली. मग थोरलीनं सूर धरला, हरिचंद कसे चालायचे तिथून, आणि ती दमली की धाकटीनं लांबूनच उचलला.

हे होऊन आता काही वर्षं झाली. जिवनबाईचा दमा आहे तसाच आहे आणि तिचा फोन रोज येतो, बोलायला काही नसलं तरी. चांदणी चमकली की मिराबाई आधी फोन उचलते, मग हात पुसते.