पुसलेली खुर्ची

मासीनं ज्याचा अपमान केला नाही, त्यानं काळजी करावी. आपल्या माणसाला ती ‘डफोळ’ म्हणायची आणि ‘बस खाली’ म्हणत सतरंजी दाखवायची. दांडिया बाजारात भांड्यांच्या दुकानावर आमच्या युनियनची खोली होती. तिथं खुर्ची एकच. ती शेठ, कंत्राटदार आणि सरकारी साहेबांसाठी. ते आले की मासी फडक्यानं खुर्ची पुसून त्यांना अदबीनं बसवायची, चहा मागवायची. ते गेले की पुन्हा पुसायची. एकदा एक कंत्राटदार चष्मा विसरला म्हणून परत आला, तर हिचं पुसणं चाललेलं.

“मासी, आत्ताच तर पुसली होती ना?”

“ती तुमच्यासाठी, शेठ. ही आमच्यासाठी.”

औषधाच्या कारखान्यात पॅकिंग करण्यात तिचा जन्म गेला. मूळची आपल्यातलीच, मराठी; पण मराठी-गुजराती सगळ्यांची मासीच. ती गेली तेव्हा तिच्या बेसण्याला, शोकसभेला, जो तो तिनं घातलेल्या शिव्या सांगून डोळे पुसत होता. मी मागे भिंतीला टेकून बसलो होतो.

युनियनची पत्रकं मी लिहायचो. ‘श्रमाची प्रतिष्ठा’ वगैरे लिहिलं की म्हणायची, “प्रतिष्ठा भाकरीला लावून खातोस का, डफोळ? दर लिही.” दिवाळीच्या बोणीचा, त्या बक्षिसीचा, तर तिला तिटकारा. “वर्षभर पगार दाबायचा आणि एक दिवस दानशूर व्हायचं. वर बाईनं हसून पाया पडायचं.”

मग मोहीम निघाली: किमान वेतन वाढवा आणि सोसायट्यांत झाडू मारणाऱ्या बायकांनाही ते द्या. मासी म्हणाली, “सुरुवात तुझ्या गोत्रीतल्या सोसायटीपासून. सेक्रेटरी आहेस ना तिथला?” मी जोरात मान डोलावली. आमच्या सोसायटीत झाडणारी कोकिळाबेन शेजारीच बसली होती. तिला वाटलं, काम झालंच. माझ्या भरवशावर तिनं कंत्राटदाराकडे पुरा दर मागितला. तो तडक आमच्या चेअरमनकडे गेला.

सोसायटीची मीटिंग भरली. घरामागे महिन्याला एका पिझ्झाइतकाही भार पडणार नव्हता. “आपण दिवाळीला बोणी देतोच ने?” चेअरमन म्हणाले. “बोला सेक्रेटरीसाहेब, तुम्ही तर युनियनवाले.” सगळे हसले. मीही हसलो. लोकांना बोलायला शिकवण्यात माझी उमर गेली होती. मी म्हणालो, “या वर्षी बोणी दुप्पट करू.” टाळ्या पडल्या. पुढच्या महिन्यात आमच्या अंगणातला झाडू दुसऱ्याच बाईच्या हातात होता.

बरेच दिवस मी दांडिया बाजार टाळला. शेवटी जिना चढलो, शिव्या खायच्या तयारीनं. खरं सांगायचं तर आशेनं. कोकिळाबेन सतरंजीवर बसली होती. तिनं मान वळवली. मासी उठली, फडकं घेतलं, खुर्ची पुसली.

“या साहेब. बसा.”

“मासी, मी खाली बसतो ना.”

“खाली जागा नाही.”

सतरंजी अर्धी रिकामी होती.

मी बसलो. चहा आला, बशीत बिस्किटंही. तिनं माझ्या मुलीच्या शिक्षणाची चौकशी केली, गोत्रीत हवा बरी असेल म्हणाली. ‘डफोळ’ एकदाही म्हणाली नाही. चहा संपवून उठलो, तशी दारापर्यंत सोडायला आली.

जिना अर्धा उतरलो असेन. वर फडकं झटकल्याचा आवाज आला.