अण्णांना दाखवायचा राहिलेला दाणा

अण्णा, म्हणजे माझे वडील, शिरोळकडच्या एका साखर कारखान्यात पॅनमन होते. उकळत्या पाकात दाणा कधी धरायचा, केवढा वाढवायचा, हे त्यांच्या हातात. काचेच्या पट्टीवर गरम पाक घेऊन दोन बोटांत चोळायचे. चांगला निघाला तर एकच शब्द, "जमलं." सूक्ष्मदर्शक वगैरे त्यांच्या लेखी साहेब लोकांचं खूळ.

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत लागले. आमचा माल ग्लुटामिक आम्ल, म्हणजे चायनीजच्या गाड्यावर चवीला पावडर घालतात ना, तिचं मूळ. पदार्थ एकच, पण स्फटिक दोन तऱ्हेचे. एक टपोरा, झटक्यात गाळला जाणारा. दुसरा सुयांसारखा, तो गाळणीत चिखल करून बसतो, पाणी सोडत नाही, नुसता जीव खातो. आम्हाला टपोराच हवा. त्यासाठी द्राव थंड करत आणायचा, आधीच्या चांगल्या बॅचचं चिमूटभर बी टाकायचं आणि दाणा वेळेत उपसून वाळवायचा. द्रावातच राहिला आणि ऊब लागली, की टपोऱ्याच्या सुया झाल्याच म्हणून समजा. हे मी नव्या लोकांना घसा ताणून सांगते.

माझी पहिली बॅच मनासारखी निघाली, तोवर अण्णांची नजर मधुमेहानं जवळजवळ गेली होती. फोनवर म्हणाले, "आता बघाय कुठलं येतंय मला? हातावर आणून दे की तुझा दाणा. वाळवू नगंस, पाकासकट आण."

आणि मी काय करावं? थर्मास उकळत्या पाण्यानं शेकला, दाण्यासकट द्राव चांगला ऊनऊन करून भरला. अण्णांना नमुना गरम लागतो ना! एम.एस्सी. झालेली बाई, पण बापाचं नाव निघालं की डोकं गहाण. कामाची पाळी संपवून, एसटी बदलून जयसिंगपूरला पोचेपर्यंत दिवस मावळला.

अण्णांनी बोटं चोळली. थांबले. पुन्हा चोळली.

"आक्का, ह्यो दाणा न्हाय. कुसळं हायती ही."

घरात मी थोरली, म्हणून आक्का. "अण्णा, सकाळी टपोरा होता हो! शपथ!"

"असंल की. मग ऊब कुणी दिली?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र पोट धरून हसले. "पाकासकट मीच म्हटलं, तुजी काय चूक? फुडच्या येळंला वाळवून आण." असं म्हणून त्यांनी बोटं टॉवेलला पुसली.

पुढच्या बॅचचा दाणा मी वाळवला, बाटलीत भरला, झाकण घट्ट लावून टेबलाच्या खणात ठेवला. वाळलेला टपोरा दाणा वर्षानुवर्षं तसाच राहतो, म्हणून घाई वाटली नाही. या रविवारी जाऊ, ऑडिट झालं की जाऊ. दाणा टिकणार होता, तसे अण्णाही टिकतील असं मी धरून चालले. काय अक्कल माझी! एका मंगळवारी भावाचा फोन आला. मी पोचले तेव्हा अण्णांचे हात छातीवर जुळवून ठेवले होते.

बाटली अजून खणातच आहे. परवा उघडली. चिमूटभर घेऊन, डोळे मिटून, दोन बोटांत चोळली. टपोरा, कोरडा, एकही सुई नाही. मला एकदाच, फक्त एकदाच, त्यांच्या तोंडून "जमलं" ऐकायचं होतं.