वारा वस्तीकडं हाय

कामाला हात घालण्याआधी माळीबुवा बोट ओलं करायचे, वर धरायचे आणि माझ्या खिडकीशी येऊन सांगायचे, "वारा वस्तीकडं हाय, साहेब."

"उघडली वेधशाळा!" म्हणून आम्ही हसायचो. तुम्हीही हसला असता. चिंचवडच्या त्या कारखान्यात मी सुरक्षा खात्याचा नवा कारकून, आणि हे भिंतीलगतच्या जास्वंदी जपणारे म्हातारे. राहायला भिंतीपलीकडच्या वस्तीत. त्या बाजूची झाडं सारखी करपायची. करपलेली पानं ते माझ्या टेबलावर आणून ठेवायचे, मी ती केराच्या टोपलीत टाकायचो.

पुढे कंपनीनं नियम केला. वायू गळला तर भोंगा तीनदा वाजेल, सगळ्यांनी मागच्या मैदानात पळायचं. कामगारांची तालीम झाली. वस्तीत जाऊन समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं.

"कवा येताय, साहेब?" माळीबुवा विचारायचे. "आमच्या बायांना भोंगा म्हंजे डबा. वाजला की निघाल्या गेटावर. कितींदा वाजला ते कोण मोजतंय?"

"येतो हो, याच आठवड्यात."

असे किती आठवडे गेले. खरं सांगतो, तो चिखल तुडवत जायचं माझ्या जिवावर यायचं.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी क्लोरीनच्या टाकीची झडप फुटली. भोंगा तीनदा वाजला. आम्ही शिकवल्याप्रमाणे मागे पळालो. सर्वांत पुढे मी. आणि समोरच्या गेटाकडे बाया डबे घेऊन लगबगीनं येत होत्या, आज सुट्टी लवकर झाली म्हणत.

माळीबुवा एकटे उलटे धावले. तोंडाला ओला पंचा लावून ओरडत राहिले, "डबं टाका! टेकाडावर पळा!" बाया वाचल्या. शेवटची बाई वळेपर्यंत ते गेटातच उभे होते, त्या वायूत.

चौकशीला वरचे साहेब आले. वस्तीला कल्पना दिली होती का, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "हो." माळीबुवा तिथंच होते. त्यांनाही विचारलं.

"दिली व्हती," खोकला आवरत ते म्हणाले. "आमच्या बायाच इसरल्या."

जिन्यावर मला म्हणाले, "तुमची नोकरी नवी हाय. लेकरं ल्हान हायती." मी मान खाली घालून उतरलो. ती मान आजही वर होत नाही.

मग झारी उचलतानाही त्यांना धाप लागू लागली, आणि ते यायचे थांबले. ते वारले त्याच्या आठवडाभर आधी मी वस्तीत गेलो. पहिल्यांदाच. गेटापासून पाच मिनिटांची वाट होती.

ते दारात बाजेवर पडले होते. मला पाहून कसेबसे उठून बसले. बोट ओलं करून वर धरलं.

"साहेब, भाईर नका थांबू. आत बसा. वारा हिकडंच हाय."

आणि मी आत जाऊन बसलो.