चादरी, पडदे आणि क्ष

वहिनींचं निम्मं आयुष्य एका मोठ्या हॉटेलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत, इस्त्रीच्या वाफेत गेलं. तिथल्या सुपरवायझर बाई निवृत्त होणार होत्या आणि त्या जागेसाठी दहावी पास लागायची. वहिनींची शाळा नववीतच सुटलेली. त्यांनी बाहेरून परीक्षेला बसायचं ठरवलं.

भाषा, इतिहास कसेबसे मार्गी लागले. गाडी अडली ती एकसामयिक समीकरणांपाशी. मुलाने शिकवायला घेतलं आणि लगेच हात टेकले. "आई, तू प्रश्नच फार विचारतेस."

मग सून पुढे आली. तोवर सासूसुनेचं बोलणं कामापुरतंच होतं.

"समजा, तीन चादरी आणि दोन पडद्यांच्या इस्त्रीला सोळा मिनिटं लागली," ती म्हणाली. "आणि एक चादर, दोन पडद्यांना आठ. चादर क्ष, पडदा य. आता पहिल्यातून दुसरं वजा करा."

वहिनींनी वजाबाकी मांडली. पडदे उडाले. उरल्या दोन चादरी आणि आठ मिनिटं.

"म्हणजे चादरीला चार?"

"बरोबर. आणि पडद्याला दोन."

"चादरीला चार मिनिटं लावली तर मॅनेजर मला घरीच बसवेल."

"अहो आई, गणितातली चादर आहे ती!" सुनेला हसू आवरेना.

वजा करताना खालच्या ओळीतलं प्रत्येक चिन्ह बदलायचं, हे तिने पुन्हा पुन्हा बजावलं होतं. परीक्षेत वहिनींनी पहिलं बदललं, बाकीची तशीच राहिली. उत्तर म्हणून भलताच अपूर्णांक आला तेव्हा त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासायला घेतलं, पण घंटा झाली होती. गणितात त्या नापास झाल्या.

"आता पुरे कर," मुलगा म्हणाला. सुनेने मात्र दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता नवं उदाहरण घातलं. वहिनी पुन्हा बसल्या आणि पास झाल्या.

एव्हाना ती जागा भरली गेली होती. "तुमच्यासाठी किती थांबणार, वहिनी?" मॅनेजर म्हणाला. वहिनी एप्रन बांधून इस्त्रीपाशी गेल्या.

संध्याकाळी सुनेने चाचरत विचारलं, "बाहेरून बारावीला बसायचं का?"

"बसेन. पण गणित नको बाई आता."

सून जराशी हिरमुसली. "मग काय घ्याल?"

वहिनींनी ते अजून ठरवलं नव्हतं.