घटना : निरंक

“चाल वं पोरी, मी आहो ना!” एवढं म्हणून आमच्या कॉलेजच्या मागच्या फाटकावरची मावशी टॉर्च पेटवायची. लायब्ररीपासून मुलींच्या होस्टेलपर्यंत दिव्याचा एक खांब नाही. हिवाळ्यात सहालाच काळोख. मावशी एकेकीला होस्टेलच्या दारात सोडून यायची आणि वाटेत मार्कांची चौकशी करकरून तिला पुरतं वैतागवायची.

ती एजन्सीची कंत्राटी गार्ड, मी ऑफिसातला बाबू. तुम्ही कधी सरकारी फॉर्म भरला असेल, तर ‘निरंक’ तुम्हाला ठाऊकच असेल. सांगण्यासारखं काही नसलं की निरंक.

गेल्या वर्षी कॉलेज-सुरक्षेच्या सरकारी अनुदानाचा फॉर्म आला. दिवे, कॅमेरे, सगळं मिळणार होतं. त्यात एक रकाना होता, वर्षभरातल्या घटनांचा. मावशी वही घेऊन धावत आली. कोणी पाठलाग केला, कोणी ओढणी खेचली, ते पोरींनी स्वतःच्या हाताने तिच्या वहीत लिहिलेलं.

“फारमाले हे लावा ना जी, बाबूजी.”

प्राचार्य म्हणाले, “कॉलेजची अब्रू जाईल. निरंक लिहा.” मी लिहिलं.

“काहून नाही लावली जी?” मावशीने विचारलं.

“साहेब नाही म्हणाले, मावशी.”

तिने वही पिशवीत ठेवली.

महिन्याभराने उत्तर आलं. घटना निरंक असल्याने गरज सिद्ध होत नाही, अनुदान नामंजूर. घ्या! आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा.

डिसेंबरात त्या रस्त्यावर एक मोटरसायकल सुसाट आली. मावशीने सोबतच्या पोरीला बाजूला ढकललं आणि स्वतः गाडीखाली सापडली. दवाखान्यात गेलो, तर मलाच विचारत होती, “आता तरी लाइट येतीन ना जी?” मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी ती गेली.

यंदा पुन्हा फॉर्म आला. पोरींनी तिची वही मला आणून दिली होती, ती घेऊनच प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी उघडलीसुद्धा नाही. “ती एजन्सीची होती, आपली नव्हे. निरंक लिहा.”

लिहिलं हो. पुन्हा लिहिलं. रिटायरमेंटला दोन वर्षं उरलीत, तोंड उघडवलं नाही. आग लागो या हाताला!

माझ्या खिडकीतून मागचं फाटक दिसतं. सहा वाजले की पोरी अजूनही तिच्या रिकाम्या खुर्चीपाशी येऊन थांबतात. पाच-सहा जणी जमल्या की मगच निघतात.